शंभर फिल्सचा रुपया

मनामाच्या जुन्या बाजारात, बाब अल बहरैनच्या कमानीतून आत शिरून थोडं पुढे गेलं की मसालेवाले, कापडवाले, भाजीवाले सुरू होतात. मी इथे नवा होतो तेव्हाची गोष्ट. एका म्हाताऱ्या बहरैनी दुकानदाराला लिंबांचा भाव विचारला. तो म्हणाला, "रुबियतैन." मला वाटलं, हा माझा भारतीय चेहरा बघून चेष्टा करतोय. खिशात दिनार, पाटीवर दिनार, आणि म्हातारा मागतोय दोन रुपये! शेवटी शेजारच्या गुजराती कापडवाल्याने सोडवणूक केली. "रुबिया म्हणजे शंभर फिल्स. दोनशे फिल्स द्या आणि लिंबं घ्या."

(थोडं विषयांतर. रुबियतैनमधला 'ऐन' हा अरबीतला द्विवचनाचा प्रत्यय. बह्र म्हणजे समुद्र, म्हणून बहरैन म्हणजे दोन समुद्र. आपण संस्कृतच्या तासाला घोकलेलं आणि मराठीने कधीच टाकून दिलेलं द्विवचन इथे रोज बाजारात भेटतं.)

रुबियाचं मूळ शोधायला लागलो तर ते थेट आपल्या रिझर्व्ह बँकेपर्यंत गेलं. एकेकाळी बहरैन, कुवेत, कतार, ओमान आणि आजचं अमिरात या सगळ्या किनाऱ्यावर भारतीय रुपयाच चालायचा. या रुपयांच्या बदल्यात सोनं चोरून भारतात जायचं आणि ते रुपये फिरून परकीय चलन मागायला रिझर्व्ह बँकेच्या दारात यायचे. हे थांबवायला १९५९ साली भारताने खास आखातासाठी वेगळ्या रंगाच्या नोटा काढल्या. त्यांना गल्फ रुपी म्हणत. पुढे १९६१ साली कुवेतने स्वतःचा दिनार आणला, आणि १९६५ साली बहरैनने.

गंमत पुढे आहे. कुवेतने आपला दिनार ब्रिटिश पौंडाबरोबर ठेवला. एक दिनार म्हणजे एक पौंड. कागदावर याहून स्वच्छ काय असणार? पण पौंडाला तेरा रुपये आणि वर एक तृतीयांश रुपया पडत होता, म्हणजे जुना एक रुपया झाला पंचाहत्तर फिल्सचा. बहरैनचा दिनार मात्र पंधरा शिलिंगांचा, म्हणजे बरोबर दहा रुपयांचा. एका दिनारचे हजार फिल्स, म्हणून रुपया झाला शंभर फिल्सचा. दुकानदाराला डोक्यातले भाव बदलावे लागले नाहीत. नोट बदलली, शिक्का बदलला, हिशोब तोच राहिला. इतका, की रुपया जाऊन साठ वर्षं झाली तरी माझ्या लिंबांचा भाव रुपयांतच.

आपल्याकडेही १ एप्रिल १९५७ ला दशमान पद्धत आली तेव्हा असंच झालं होतं. चार आणे आणि आठ आणे हे पंचवीस आणि पन्नास पैशांत चपखल बसले, म्हणून पन्नास वर्षं जिभेवर टिकले. एक आणा सव्वासहा पैशांचा, तो कशातच बसेना. तो गेला.

आता तुम्ही म्हणाल, सॉफ्टवेअरवाल्याने हे नाण्यांचं पुराण कशाला लावलंय? तर त्याचं कारण माझा धंदा. गेली वीसेक वर्षं माझा निम्मा दिवस जातो तो दुसऱ्यांनी लिहिलेले पॅच तपासण्यात. आणि नवी पद्धत आणताना जुन्या माणसाच्या हाताचं काय करायचं, हा प्रश्न त्यात रोज येतो.

पॅच म्हणजे शब्दशः ठिगळ. पूर्वी प्रोग्रॅम कागदी पट्टीवर भोकं पाडून लिहायचे. चूक सापडली की त्या जागी खरोखरच कागदाचा तुकडा चिकटवायचे. नाव तिथून आलं. पुढे १९७० च्या दशकात युनिक्सवर दोन फायलींमधला फरक दाखवणारा 'डिफ' नावाचा प्रोग्रॅम आला, आणि १९८५ साली लॅरी वॉल या गृहस्थांनी तो फरक परत मूळ फायलीवर चढवणारा प्रोग्रॅम लिहिला. त्याचं नावच 'पॅच'. मग जगाच्या एका टोकाला बसलेला माणूस दुसऱ्या टोकाच्या माणसाला आख्खा प्रोग्रॅम न पाठवता फक्त ठिगळ पाठवू लागला. ठिगळ आलं की ते लावायचं का नाही हे कोणीतरी ठरवायला हवं. दुसऱ्याचा प्रोग्रॅम ओळीने तपासायची शिस्तशीर पद्धत आयबीएमच्या मायकेल फॅगन यांनी १९७६ सालीच लिहून ठेवली होती. त्यातून आणि नंतर लिनक्सच्या मंडळींच्या सवयींतून आजचं रिव्ह्यू घडलं. एक जण लिहितो, दुसरा तपासतो, आणि दुसऱ्याने हो म्हटल्याशिवाय ठिगळ लागत नाही.

तपासणाऱ्यासमोर दोन प्रश्न असतात. हे नीट लिहिलंय का? आणि ज्याच्यासाठी लिहिलंय त्याचं काम होतंय का? पुस्तकात हे दोन्ही शेजारी शेजारी गुण्यागोविंदाने नांदतात. कामावर मात्र त्यांची जुंपते. माझ्याकडे ती जुंपली २००६ साली, आणि त्यात मी हरलो. ते आधी सांगतो.

तोवर बहरैनमध्ये साप्ताहिक सुट्टी गुरुवार-शुक्रवार होती. २००६ च्या सप्टेंबरपासून ती शुक्रवार-शनिवार झाली. मी तेव्हा ज्या कंपनीत होतो तिचा हजेरीचा आणि पगाराचा प्रोग्रॅम आमच्या हातात होता, आणि त्यात गुरुवार ही सुट्टी अकरा ठिकाणी खिळ्याने ठोकून बसवल्यासारखी लिहिलेली होती. आमच्यातल्या एका केरळी मुलाने पॅच पाठवला. तारीख १ सप्टेंबर किंवा त्यानंतरची असेल तर शुक्रवार-शनिवार, नाहीतर गुरुवार-शुक्रवार. तीच ओळ अकरा वेळा.

मी तो परत पाठवला. तारीख अशी प्रोग्रॅममध्ये लिहायची नसते. एकच गोष्ट अकरा वेळा लिहायची नसते. चाचणी कुठे आहे? या नावाचा अर्थ काय? खोबरच्या शाखेचं काय? समासाची जागा चुकलीय. अशा सहा शेरांची यादी होती. माझं म्हणणं होतं की एक तक्ता करावा. देश, कधीपासून, कुठले वार सुट्टीचे. प्रोग्रॅमने प्रत्येक वेळी तक्त्यात बघावं. म्हणणं बरोबर होतं, आजही बरोबर आहे. पोराने तक्ता केला, मी त्यातही चुका काढल्या. तीन वेळा पॅच गेला आणि आला. आणि मधेच २५ तारीख आली, पगार निघाला.

प्रोग्रॅमच्या मते सगळे जण तीन गुरुवार सुट्टीच्या दिवशी कामावर आले होते आणि चार शनिवार न सांगता गैरहजर होते. हिशोबनीसाने गुरुवारचा ओव्हरटाइम बघितला, "हे काय भलतंच," म्हणून हाताने खोडला. गैरहजेरी मात्र खोडली नाही. कॉम्प्युटर जास्त पैसे देतो म्हणाला तर माणसाला शंका येते, कमी देतो म्हणाला तर येत नाही... हे मी तेव्हा शिकलो.

ऑफिसात चहापाणी बघायला दापोलीकडचे एक चाचा होते. ते माझ्या टेबलाशी आले. पगाराची चिठ्ठी हातात. भांडण नाही, आवाज चढवणं नाही.

"साहेब, शनिवारी हापिसाला कुलूप होतं. मी आत येणार कसा?"

चार दिवसांचा पगार कापला होता. सप्टेंबर संपता संपता रमजान लागत होता आणि त्यांना घरी पैसे पाठवायचे होते. पुढच्या महिन्यात कापलेले पैसे परत मिळाले, पण रमजान पुढच्या महिन्यापर्यंत थांबत नाही. मी त्यांना 'प्रोग्रॅममध्ये जरा अडचण झाली' असं काहीतरी सांगितलं. अडचण प्रोग्रॅममध्ये नव्हती. त्या मुलाचा पॅच दोन आठवडे माझ्यापाशी पडून होता.

आता या गोष्टीतून "चांगलं लिहिण्याचा हट्ट सोडा, लोकांचं काम करा," असा बोध काढायचा मोह होतो. मलाही बरीच वर्षं तसंच वाटत होतं. पण माझ्या सहा शेऱ्यांत एक खरा होता. खोबर म्हणजे पुलापलीकडे, सौदी अरेबियात. तिथे सुट्टी गुरुवार-शुक्रवारच राहिली होती. पोराच्या पॅचमध्ये देशाचा विचारच नव्हता. पहिल्याच दिवशी मी तो घेतला असता तर चाचांचा पगार वाचला असता आणि खोबरच्या लोकांचा कापला गेला असता. म्हणजे माझी चूक हट्टात नव्हती. मी एका खऱ्या शेऱ्याला पाच किरकोळ शेऱ्यांत मिसळून टाकलं, आणि सहाही एकाच वजनाचे असल्यासारखे लिहिले. तो बिचारा नावं बदलत बसला.

आणि तक्ता? तो शेवटी झाला, चांगला झाला. २०१३ च्या जूनमध्ये सौदीनेही सुट्टी शुक्रवार-शनिवारवर आणली. तेव्हा आम्ही तक्त्यात एक ओळ वाढवली आणि चहा प्यायला गेलो. खोबरमध्ये कुणाच्याही पगाराला धक्का लागला नाही. तोवर चाचा दापोलीला परतले होते. स्वच्छ लिहिण्याची किंमत एकाने भरली आणि सात वर्षांनी फायदा दुसऱ्याच माणसांना झाला. हे मला फार उशिरा कळलं. आपण 'कोडचा दर्जा' आणि 'वापरणाऱ्याची गरज' अशी दोन नावं देतो, पण दर्जा हीसुद्धा गरजच असते, अजून दारात न आलेल्या माणसाची.

हेच भांडण कितीतरी मोठ्या प्रमाणावर आपल्या एका अक्षरावरून झालंय, आणि त्याचा निकाल तुमच्या माझ्या पडद्यावर रोज दिसतो. ते अक्षर म्हणजे अर्धा र.

माझं लहानपण सह्याद्रीच्या दऱ्यांजवळ गेलं, आणि पोट भरायला आलो ते दर्यात. दर्या आणि दऱ्या. बोलताना कुणाचा घोटाळा होत नाही. लिहिताना एकात रफार डोक्यावर बसतो, दुसऱ्यात तो आडवा केस पुढच्या अक्षराला चिकटतो. शाळेत गुरुजी आचार्यास आणि आचाऱ्यास ही जोडी देऊन पोरांना हसवायचे. एकाला वंदन करायचं, दुसऱ्याला मीठ कमी पडलंय म्हणून सांगायचं. हिंदीला हा भेद लागत नाही. मराठीला लागतो, नेपाळच्या नेवारीला लागतो. इंग्रजीत या रूपाला 'पापणीचा र' म्हणतात.

कॉम्प्युटरला दोन्ही शब्दांत दिसतं एकच. र, हलन्त, य. मग रफार कधी आणि पापणी कधी? भारतीय लिप्यांचं इस्की नावाचं मानक १९८८ साली आणि सुधारून १९९१ साली आलं. देवनागरीत ऱ हे एक जादा अक्षर होतं, द्राविडी भाषांतला कडक र लिहिण्यासाठी. इस्कीने ठरवलं की या ऱ चं अर्धं रूप म्हणजे मराठीची पापणी. तर्काने बघाल तर हे विचित्रच. मराठी माणूस दऱ्या लिहिताना द्राविडी र उच्चारत नाही. पण काम झालं, अक्षर मिळालं.

युनिकोडने देवनागरी घेतली ती १९८८ च्या इस्कीवरून, आणि पहिली आवृत्ती निघाली १९९१ साली. १९९६ च्या २.० आवृत्तीत मात्र पापणीला दुसरा रस्ता होता. साधाच र, हलन्त, आणि त्यापुढे न दिसणारं एक चिन्ह. त्याचं नाव झीरो विड्थ जॉइनर, म्हणजे शून्य रुंदीचा जोडक. उच्चाराच्या दृष्टीने हा रस्ता सरळ, कारण र हा र च राहतो. फक्त एक अदृश्य चिन्ह बाळगावं लागतं.

नंतरच्या आवृत्तीत युनिकोडच्या मंडळींनी इस्कीशी जुळवून घेत ऱ चा नियम मुख्य केला. आता तुम्ही तपासणारे आहात असं धरा. दोन रस्ते ठेवणं घाणेरडं. एकच शब्द दोन प्रकारे साठवला जाणार, शोध फसणार, अनुक्रम बिघडणार. कुठलाही शिस्तीचा माणूस म्हणेल, जुना नियम काढा. पण तोवर लोकांनी जुन्या नियमाने लिहायला सुरुवात केली होती. नियम काढला असता तर त्यांच्या मजकुरात प्रत्येक दरीचा दर्या झाला असता. युनिकोडने जुना नियम काढला नाही. २.० शी सुसंगती राहावी म्हणून, असं कारण स्पष्ट लिहून तो मुख्य नियमाच्या पोटात पाचवा-अ म्हणून ठेवला. आजही तो तिथेच आहे.

म्हणून आज 'दर्‍या' आणि 'दऱ्या' हे दोन शब्द पडद्यावर अगदी सारखे दिसतात आणि आतून वेगळे असतात. खात्री करायची तर दोन्ही शब्द कॉपी करून एखाद्या साध्या प्रोग्रॅमला विचारा, हे सारखे आहेत का? तो नाही म्हणेल. दहा-वीस वर्षांपूर्वी फोनेटिक पद्धतीने लिहिलेल्या मजकुरात अदृश्य जोडकाचा र मुबलक सापडतो, आणि आताच्या फोनवरून लिहिलेल्यात ऱ. त्यामुळे 'दुसऱ्या' शोधायला जावं तर जुना लेख समोर असूनही हाती लागत नाही, असं होऊ शकतं. जुन्या लेखकांची अक्षरं वाचवली त्याची ही किंमत, आणि ती आपण सगळे थोडी थोडी भरतोय.

उलट बाजूची गोष्टही आहे. न दिसणारी चिन्हं म्हणजे कचरा, असं कुठल्याही नीटनेटक्या प्रोग्रॅमरला वाटतं. इंटरनेटवरच्या पत्त्यांत इंग्रजीशिवाय इतर लिप्या चालाव्यात म्हणून २००३ साली जे नियम झाले, त्यांत हा जोडक सरळ गाळून टाकायचा असं होतं. दोन पत्ते दिसायला सारखे आणि आतून वेगळे नकोत, नाहीतर फसवणूक होईल, हे कारण. कारण खोटं नाही. पण त्यात जोडकाने लिहिलेली पापणी गेली, आणि फारसी लोकांना शब्दाच्या पोटात लागणारा जोडकाचा भाऊ, न-जोडक, तोही गेला. २०१० साली नवे नियम आले आणि तोडगा निघाला. जोडक चालेल, पण ठरलेल्या जागीच, उदाहरणार्थ हलन्ताच्या लगेच पुढे. इतरत्र नाही. फसवणुकीची वाटही अरुंद झाली आणि अक्षरही राहिलं. सात वर्षं लागली, पण माझ्या मते रिव्ह्यू असावं तर असं. "हो" किंवा "नाही" म्हणण्यापेक्षा "कुठे" हा प्रश्न जास्त उपयोगाचा.

आणि ही अक्षरं पडद्यावर रंगवतो कोण? क्रोम, फायरफॉक्स, लिब्रेऑफिस, अँड्रॉइडचे फोन, या सगळ्यांत ते काम हार्फबझ नावाचा एक मुक्त प्रोग्रॅम करतो. नाव फारसी आहे. हर्फ म्हणजे अक्षर, बाज म्हणजे उघडं. बेहदाद एस्फाहबोद या मूळच्या इराणी प्रोग्रॅमरचं यात मोठं काम. भारतीय लिप्यांची वेळ आली तेव्हा प्रश्न उभा राहिला की बरोबर कशाला म्हणायचं? लिहिलेले नियम होते, पण अपुरे. आणि लोकांचे फॉन्ट तयार झाले होते ते मायक्रोसॉफ्टच्या युनिस्क्राइबवर चालवून बघून. तेव्हा विकिपीडियातून लाखो शब्द घेऊन युनिस्क्राइब काय रंगवतो आणि आपण काय रंगवतो हे शब्दागणिक ताडून बघितलं गेलं. जिथे युनिस्क्राइबचं वागणं निव्वळ चूक होती तिथे काय करायचं? त्या प्रोग्रॅममध्ये एक खटका आहे, त्याचं नावच 'युनिस्क्राइबच्या चुकांशी सुसंगत' अशा अर्थाचं. तो दाबला की त्या चुकांसकट नक्कल होते, एरवी नाही. कुणी घाईने लावलेलं ठिगळ हे नव्हे. दुसऱ्याच्या चुकीला नाव दिलं, वेगळ्या कप्प्यात ठेवलं, आणि कप्प्यावर चिठ्ठी लावली.

एवढं सांगून झाल्यावर दोन बाहेरची उदाहरणं देतो. एक दर्जा ढिला पडल्याचं, एक वापरणारा विसरल्याचं.

३१ डिसेंबर २०११ ला ओपनएसएसएल या प्रोग्रॅममध्ये एक पॅच लागला. बँका, मेल, दुकानं यांच्यातलं बोलणं गुप्त ठेवणारा हा प्रोग्रॅम मूठभर माणसं सांभाळत होती. पॅच उपयोगी होता, जोडणी जिवंत आहे का हे अधूनमधून विचारण्यासाठी. त्यात समोरच्याने सांगितलेली लांबी खरी आहे का हे तपासायचं राहिलं. तपासणाऱ्याच्याही नजरेतून सुटलं. एप्रिल २०१४ मध्ये ते जगाला कळलं तेव्हा दोन वर्षं इंटरनेटच्या मोठ्या भागाचं दार किलकिलं होतं. त्या चुकीला हार्टब्लीड नाव पडलं. एका तपासणीची एक ओळ.

दुसरं डिसेंबर २०१२ मधलं. लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, एका पॅचने चुकीच्या वेळी परत द्यायचा क्रमांक बदलला. त्यावर विसंबलेले आवाजाचे प्रोग्रॅम बिघडले. तो भाग सांभाळणारा म्हणाला, चूक त्या प्रोग्रॅमची आहे. लिनस टोरवाल्ड्स यांनी त्याला जाहीर झापलं. म्हणणं असं, की कर्नल बदलल्यामुळे लोकांचा चालता प्रोग्रॅम बंद पडत असेल तर चूक कर्नलची, नियमांत काहीही लिहिलेलं असो. नियम मला पटतो. झापायची भाषा पटत नाही. २०१८ साली त्यांनी स्वतःच आपल्या वागण्याबद्दल माफी मागितली आणि काही आठवडे कामातून बाजूला झाले. तपासणाऱ्याचा शब्दही कुणालातरी लागतो, ते आपल्या हातात असलेलं सगळ्यात सोपं ठिगळ.

मी आता काय करतो? फार मोठं तत्त्वज्ञान नाही. पॅच आला की आधी बघतो, हा थांबला तर कोण थांबेल, आणि किती तारखेपर्यंत. मग शेरे दोन ढिगांत लिहितो. याशिवाय घेणार नाही असे वर, आणि पुढच्या वेळी केलं तरी चालेल असे खाली. वरच्या ढिगात तीनहून जास्त झाले की स्वतःवरच संशय घेतो. आणि आडवंतिडवं काही आत घ्यावंच लागलं तर ते का घेतलं, कोणासाठी, आणि कधी काढायचं हे तिथेच लिहायला लावतो. खालच्या ढिगातलं पुढे होतंच असं नाही, हे कबूल करतो. काही ठिगळं दहा वर्षं तशीच आहेत. त्यांच्यावरची तारीख बघून दर वेळी शरम वाटते, आणि तेवढ्यासाठीच ती तारीख तिथे असावी.

तो केरळी मुलगा आता दुसऱ्या देशात मोठ्या हुद्द्यावर आहे. मध्यंतरी फोनवर बोलताना मी त्याला २००६ चं विचारलं. त्याला चाचा आठवत नव्हते, कारण ते माझ्या टेबलाशी आले होते, त्याच्या नाही. त्याला आठवत होता तो समासाचा शेरा. म्हणाला, "सर, तुम्ही तो तीन वेळा दिला होतात."

असो. परवा पुन्हा लिंबं आणायला गेलो होतो. म्हाताऱ्याच्या जागी आता त्याचा नातू बसतो. त्याचा जन्म रुपया जाऊन तीसेक वर्षांनी झालेला. भाव विचारला तर मोबाइलमधून डोकं वर न काढता म्हणाला, "तलात रुबियात." तीन रुपये. लिंबं महाग झालीत.